विस्तव



काडेपेटी घरोघरी नव्हती तेव्हा रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत. सकाळी तो विझलेला निघाला, तर शेजारून विस्तव आणीत. म्हणूनच ज्या घरांत तेवढेही देणेघेणे उरत नाही, त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, 'त्यांच्यातून विस्तव जात नाही.' आता गॅस आला, विस्तव मागायला कुणी जात नाही. हे बोलणे मात्र अजून कामाला येते. बांधावरून, वाटणीवरून, कधी लग्नाच्या राहून गेलेल्या आमंत्रणावरूनसुद्धा!

योहानच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिला महायाजकाच्या अंगणात (अध्याय 18). थंडीत पेत्र तिथे शेकत उभा होता आणि तिथेच त्याने प्रभूला नाकारले. दुसरा गालील सरोवराच्या काठी (अध्याय 21). त्यावर मासळी, सोबत भाकर. मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडे शब्द एकच आहे आणि नव्या करारात इतरत्र तो नाही. पेत्राला ती धग ओळखीची वाटली असेल. पण पुनरुत्थित प्रभूने आधी जाब विचारला नाही, न्याहारीला बोलावले. प्रेमाविषयीचा तो तीनदा विचारलेला प्रश्न नंतरचा, जेवण झाल्यावरचा. चूक पेत्राची होती. विस्तव प्रभूने तयार ठेवला.

आपण अडतो ते इथेच. चूक त्याची, मग आधी त्याने यावे! मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना दोन बाकांपलीकडच्या सख्ख्या भावाकडे मान वळत नाही आणि थोड्याच वेळात दोघेही कम्युनियनच्या एकाच रांगेत उभे असतात.