खर्जापाशी थोडा वेळ

खाली बसता येत असेल तर खाली बसा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची चालेल. घरात तानपुरा असला तर उत्तमच, नसेल तर मोबाइलवरचा लावा. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत. पट्टी मात्र तुमच्या गळ्याला झेपेल अशी घ्या. बायकांना साधारण काळी चार किंवा पाच, पुरुषांना काळी एक किंवा दोन. आवाज बेताचाच ठेवा, कानाला जरा पुढे सरकावं लागेल इतपत.

मन शांत करून मग ऐकायचं, असं काही नाही. जे घेऊन बसला आहात, म्हणजे आजारपणाची धास्ती असेल, कुणाच्या जाण्याचं दुःख असेल किंवा नुसताच आलेला वीट असेल, ते तसंच मांडीवर राहू दे.

आता तारा ओळखा. पहिला पंचम. मग जोडाच्या दोन तारा, एकाच सुरातल्या, म्हणजे षड्जातल्या. शेवटी खर्ज. पुन्हा पंचम, जोड, जोड, खर्ज. चार-सहा आवर्तनं मनात नावं घ्या आणि मग नावं सोडून द्या.

इथून पुढे फक्त खर्जाकडे लक्ष द्या. बोट तारेवरून सुटतं तो क्षण ऐकून लगेच पुढच्या तारेकडे धावू नका. खर्ज छेडताना पुरता उमटत नाही, छेडून झाल्यावर तो उमलत जातो. भोपळ्यात घुमतो, दांडीतून फिरतो. पुढचा पंचम वाजतो तरी खर्ज मागे चालूच असतो. त्या चालू राहण्यावर कान टेकवा.

थोडा वेळ जाऊ द्या.

खर्जाच्या आत, वरच्या अंगाला, आणखी एक बारीक स्वर तरंगताना ऐकू येईल. तो गंधार आहे. चारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नाही आणि तो कुणी छेडलेलाही नाही. तार हलते ती अखंड तर हलतेच, पण तिचे अर्धे, तिसरे, चौथे हिस्सेही त्याच वेळी आपापल्या वेगाने कंप पावतात. पाचव्या हिस्स्याच्या कंपातून हा गंधार येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या बैठकीत तो सापडला नाही तरी बिघडत नाही. शोधायला गेलं की तो बहुधा निसटतो आणि लक्ष सैल झालं की अचानक येऊन बसतो. आला की त्याच्यापाशी थांबा. मागितलं नव्हतं ते मिळाल्यावर आतून जे हलतं, ते हलू द्या.

हा गंधार नीट उमटायला जवारी चांगली लागते. घोडीच्या माथ्यावर, प्रत्येक तारेखाली, सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला की आवाज एकतर बसतो, नाहीतर खुलतो. तार घोडीच्या सपाट पाठीला किंचित घासत राहते आणि तिची सगळी झळाळी त्या घासण्यातूनच येते. मिरजेत शिकलगारांची घरं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत. हत्यारांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांना त्यांनी बोलतं केलं. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते छानच झालं, पण आपल्या बैठकीपुरता तो दोराच पुरे आहे.

अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने झोप लागते, अशा याद्या फिरत असतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. मिरजेचाच दाखला घ्या. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तिथे आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी कथा मिरजकर सांगतात. १९३७च्या ऑक्टोबरात मात्र पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना रेल्वेत अस्वस्थ वाटू लागलं. ते सिंगपेरुमालकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर त्यांनी तानपुरा लावायला सांगितला, दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच देह ठेवला, असं सांगतात. त्यांची कबर मिरजेला त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. एकदा गाऊन ते बरे झाले, एकदा नाही झाले. दोन्ही वेळा सुरापाशीच गेले. त्या फलाटावर त्यांना काय हवं असेल, हा प्रश्न खर्जाच्या दोन आवर्तनांमध्ये ठेवून बघा. उत्तर काढायची घाई करू नका.

आता स्वतःचा आवाज लावायचा. ओठ मिटून, हळूच, जोडाच्या तारांशी षड्ज मिळवा. गाता येत नाही ही सबब इथे चालत नाही, कारण एकच स्वर लावायचा आहे आणि तो समोर वाजतोच आहे. आवाज किंचित ढळला की त्याच्यात आणि तारेत लाटा उठतात. वॉव-वॉव असं काहीतरी ऐकू येतं. घाबरून थांबू नका. आवाज जरा वर, जरा खाली करत राहा. लाटा संथ होत जातील आणि एका जागी नाहीशा होतील. तिथे तुमचा आवाज कुठे संपला आणि तारेचा कुठे सुरू झाला, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. श्वास असेल तेवढं तिथे राहा.

गळा भरून आला तर गाणं सोडा आणि रडा. तानपुरा काही विचारत नाही, तो आपलं पंचम, जोड, जोड, खर्ज चालू ठेवतो. शेजाऱ्यांनी ऐकलं तर ऐकलं. निवल्यावर वाटलं तर पुन्हा षड्ज घ्या, नाही वाटलं तर नुसतं बसा.

मन भरलं की उठा. उद्या बसलात आणि सर्दीने गळा बसलेला असला, तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवून घ्या.