मग आपण काय दिलंय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं धर्माबादहून हैदराबादला गेलो होतो. मी, ताई, तिचा अकरा वर्षांचा मुलगा आणि आमचे आण्णा. आम्हा धर्माबादकरांना मोठं शहर म्हणजे हैदराबादच. पुणं-मुंबई लांब पडतं. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो की कॉलेजची ऍडमिशन, देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि बासरला गोदावरी ओलांडून तिकडं जायचं. आता त्या यादीत अम्युझमेंट पार्कची भर पडली आहे. भाच्याच्या वर्गातली निम्मी पोरं जाऊन आली होती आणि त्याने आठ महिने घर डोक्यावर घेतलं होतं.

पार्कातल्या सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरपाशी पोचलो तेव्हा रांग पत्र्याच्या शेडखाली नागमोडी पसरली होती. आम्ही ५५ मिनिटं उभे राहिलो. राइड दोन मिनिटांच्या आत संपली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे खिशातला फोन काढून भागाकार केलाच. एका मिनिटाच्या मजेसाठी जवळपास अर्धा तास.

खरं तर हा लेख त्या भागाकारावरच लिहायचा होता. एवढं थांबणं वर्थ आहे का, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'नायट्रो'च्या रांगेत पडला असेल किंवा लहानपणी गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये. पण रांगेत साधारण तिसाव्या मिनिटाला भाच्याने एक प्रश्न विचारला आणि माझा भागाकार तिथेच अडकला.

आमच्या शेजारून आणखी एक रांग होती. रांग कसली, मोकळी वाटच. दर थोड्या वेळाने तिथून सात-आठ जण हसत यायचे आणि थेट गेटवर जायचे. भाचा बराच वेळ बघत होता.

"मामा, ते लोक कामून आपल्या आधी जायलेत?"

"त्यांनी जास्त पैसे दिलेत."

"मग आपण काय दिलंय?"

"आपण वेळ दिलाय," मी म्हणालो. उत्तर मलाच आवडलं होतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वेळ तर त्यांच्याकडंबी असंल की."

*

त्या दुसऱ्या वाटेचं तिकीट घ्यायला मी सकाळी निघालोच होतो. वंडरलात 'फास्टट्रॅक' आहे, इमॅजिकात 'एक्सप्रेस' आहे. जवळपास सगळ्या मोठ्या पार्कांत ही सोय असते. डिस्नीने १९९९मध्ये 'फास्टपास' आणला तेव्हा तो फुकट होता. वेळ आधी ठरवून घ्यायची, तोपर्यंत दुसरीकडे फिरायचं. २०२१मध्ये अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत तो गेला आणि त्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली.

मला परवडत होतं. चौघांचे वरचे पैसे मिळून जी रक्कम होत होती ती ऐकून आण्णा म्हणाले, "एवढ्यात मी मोंढ्यात महिनाभर मुनीमकी केलोय." मी तिकीट घेतलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, आण्णांसमोर खिशात हात घालायला लाज वाटली, एवढंच.

आता हिशेबाकडे येतो. रांगांचं गणित हा माझ्या कामाचाच भाग आहे. सर्व्हरवर येणाऱ्या रिक्वेस्ट रांगेतच उभ्या असतात. या शास्त्राची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९मध्ये केली. पुढे १९६१मध्ये जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला. रांगेतली माणसं भागिले दर मिनिटाला सुटणारी माणसं, म्हणजे सरासरी थांबण्याचा वेळ.

समजा रांगेत ३३० माणसं आहेत. दर चार मिनिटांनी २४ जण बसतात, म्हणजे मिनिटाला सहा. मग वेळ ५५ मिनिटं. आता त्या २४पैकी आठ जागा पैसेवाल्या वाटेला दिल्या तर साध्या रांगेतून मिनिटाला चारच जण सुटतात. त्याच ३३० माणसांना आता ८२ मिनिटं लागतात. पैशाने राइडचा एक डबाही वाढला नाही. थांबणं कमी झालं नाही, फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं.

म्हणजे भाच्याला मी दिलेलं उत्तर अपुरं होतं. ते लोक पार्कला पैसे देत होते, पण मोबदल्यात पार्क त्यांना आमची मिनिटं देत होतं. आमची मिनिटं विकली जात होती आणि त्याबद्दल आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

यावर तुम्ही म्हणाल, पार्क खासगी आहे, मोठ्या अक्षरांत बोर्ड लावला आहे, नको असेल तर जाऊ नका. बरोबर आहे. विमानात बिझनेस क्लास असतो, त्यावर कोणी निबंध लिहीत नाही. पण बिझनेस क्लासवाल्यामुळे माझं विमान उशिरा पोचत नाही. इथे पोचतं.

*

ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना एक धडा असतो. काही कामांना जास्त प्राधान्य दिलं आणि तशी कामं येतच राहिली, तर खालच्या कामाचा नंबर कधी लागतच नाही. याला 'स्टार्व्हेशन' म्हणतात, उपासमार. त्यावरचा उपाय म्हणजे 'एजिंग'. जे काम जितका जास्त वेळ थांबलं, तितका त्याचा क्रम वर सरकवायचा.

परीक्षेला हे पाठ केलं तेव्हा त्यात काही नैतिक असेल असं वाटलं नव्हतं. आता वाटतं. एजिंगचं म्हणणं असं की थांबण्याने हक्क तयार होतो. तुम्ही कोण आहात, तुमच्याकडे किती आहे, याने फरक पडत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून तुमचा नंबर. रांग नावाच्या गोष्टीची सगळी अब्रू एवढ्या एका वाक्यात आहे. बसस्टँडवर मध्येच घुसणाऱ्यावर अनोळखी माणसंसुद्धा एकत्र ओरडतात ती यासाठीच.

म्हणून मग रांग हीच खरी समता, असं म्हणून लेख संपवता आला असता. पैसे प्रत्येकाकडे कमी-जास्त, पण दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखे. हे वाक्य मी लिहिलंही होतं. नंतर खोडलं.

कारण मला २०१६चा नोव्हेंबर आठवला. मी इंजिनिअरिंगला नांदेडला होतो. ८ तारखेला रात्री ५०० आणि १०००च्या नोटा बंद झाल्या. सुरुवातीला एटीएममधून दिवसाला २,००० रुपयेच निघत होते. आण्णा दोन दिवस एका बँकेपुढे उभे राहिले. त्यांचे २४ तास आणि बँकेच्या मागच्या दाराने आत जाणाऱ्यांचे २४ तास सारखे नव्हते. त्यांच्या रांगेत हमाल होते, शेतमजूर बाया होत्या. त्यांची त्या दिवशीची मजुरी गेली. रेशनची रांग, सरकारी दवाखान्याची ओपीडी, दाखल्यांसाठी तहसीलची रांग, या सगळ्यांत गरीब माणूस वेळेच्या रूपात कर भरतो. तिथे कोणी 'थांबणं वर्थ आहे का' असं विचारत नाही, कारण रांग सोडून जायची सोयच नसते.

आणि मी स्वतः? तीन वर्षांपूर्वी आईला गुडघ्यांसाठी एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीने आमचा नंबर दोन तास आधी लागला. परत येताना गाडीत आई म्हणाली, "ते म्हातारं सकाळपासून बसलेलं होतं रे." मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी मी पैसेही दिले नव्हते. पार्कातले ते लोक निदान बोर्डावर लिहिलेला दर देऊन पुढे जातात. मी त्या म्हाताऱ्याचे दोन तास फुकट घेतले होते.

*

थांबण्यावर लिहायचं आणि पंढरपूरला वळसा घालायचा, हे मराठीत जमायचं नाही. आमची आजी म्हणायची की पंढरपूर हे एकच ठिकाण असं आहे जिथे देवच थांबला आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. देव भेटायला आला तर त्याने वीट फेकली आणि म्हणाला, यावर थांब. देव अजून उभा आहे. आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात. गर्दी आहे तोवर त्यालाही झोप नाही, चोवीस तास दर्शन.

ही गोष्ट लहानपणी भक्तीची म्हणून ऐकली होती. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पुंडलिकाने देवाला थांबवलं, त्याचं कारण देवाला पटण्यासारखं होतं. समोरचा आपल्याला का थांबवतो आहे हे कळलं, आणि ते कारण खरं असलं, तर थांबणं अपमानाचं राहत नाही. रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५मध्ये लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. त्यातही जवळपास हेच आहे. कारण न सांगता थांबवलं की वेळ लांबतो, अन्याय दिसला की आणखी लांबतो, एकट्याने थांबलं की लांबतो, सोबत असली की कमी होतो.

तिरुपतीला मात्र सर्वदर्शन फुकट आणि विशेष प्रवेश दर्शन ३०० रुपयांना. देवाच्या दारात दोन रांगा आपल्याला चालतात आणि पार्कात खटकतात, की उलट व्हायला पाहिजे? आमच्या घरात यावर एकमत नाही. आण्णा म्हणतात, दोन्हीकडे चालू नये. ताई म्हणते, दोन्हीकडे चालतंय, तू कामून डोकं खपवायलास?

*

त्या ५५ मिनिटांत काय झालं ते सांगायचं राहिलं.

पहिली दहा मिनिटं आम्ही सगळे फोनमध्ये होतो. मग भाच्याच्या फोनची बॅटरी उतरली. त्याने कंटाळून आण्णांना विचारलं, "आबा, तुम्ही कधी एवढा वेळ थांबलाव का?" आणि आण्णा सुरू झाले. धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीचा सीझन. सकाळी बोली लागायची म्हणून शेतकरी रात्रीच गाड्या लावायचे. पोत्यांवरच झोपायचं. तिखटाने डोळे चुरचुरायचे, शिंका थांबायच्या नाहीत, आणि तरी कोणी पोतं सोडून जायचं नाही, कारण पोतं सोडलं की नंबर गेला. एका थंडीच्या रात्री एका शेतकऱ्याने आपली घोंगडी त्यांना दिली आणि स्वतः रिकाम्या बारदान्यात झोपला. ही गोष्ट मी २८ वर्षांत ऐकली नव्हती. ताईनेही नाही. पुढची दोन पोरं मागे वळून ऐकत होती.

गेटवर पोचलो तेव्हा आण्णा बाजूला झाले. "तुम्ही जावा. मला बीपी आहे."

तिथे बोर्ड होता, ब्लडप्रेशर आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी बसू नये. तोच बोर्ड रांगेच्या सुरुवातीलाही होता आणि आण्णांनी तो वाचला होता.

"मग एवढा वेळ उभे कामून राहिलाव?" मी जरा चिडूनच विचारलं.

"बाहेर बसून काय करू? तुम्ही इथं आहाव की."

ताईही त्यांच्यासोबत थांबली. भाचा आणि मी बसलो. मी डोळे मिटून घेतले होते, त्याने उघडे ठेवले. उतरल्यावर त्याचे पाय थरथरत होते आणि तो सलग दहा मिनिटं बोलत होता. त्याला लगेच पुन्हा बसायचं होतं. रांग आता आणखी वाढली होती. आम्ही नाही म्हणालो आणि जेवायला गेलो. तो अजून म्हणतो, दुसऱ्यांदा राहिलं.

डॅनियल कानेमन यांच्या संशोधनानुसार आपल्या आठवणीत अनुभवाचा शिखराचा क्षण आणि शेवट राहतो, तो किती वेळ चालला हे फारसं राहत नाही. म्हणून पार्कवाल्यांचं फावतं, तासाची रांग आपण विसरतो. माझ्या बाबतीत झालं ते थोडं वेगळं. राइडचं मला फारसं आठवत नाही. बारदान्यात झोपलेला तो शेतकरी आठवतो.

पण याचं श्रेय मी पार्कला देणार नाही. रांगेत गोष्ट सांगणारा माणूस आम्ही घरून आणला होता. बँकेपुढच्या रांगेतही माणसांनी एकमेकांना पाणी दिलं, जागा धरून ठेवल्या. म्हणून काही ती रांग चांगली ठरत नाही. माणसं वाईट रांगेतही चांगली वागतात, याचा फायदा रांग लावणाऱ्याने घेऊ नये.

तर वर्थ होतं का? मी आता तीन गोष्टी बघतो. हवं तेव्हा रांग सोडून जाता येतं का? माझ्या पुढे जाणाऱ्याकडे मला पटेल असं कारण आहे का? आणि सोबत कोण आहे? त्या दिवशी पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, तिसऱ्याचं हो. तीनपैकी दोन. माझ्यापुरतं वर्थ होतं.

येत्या वसंत पंचमीला ताईच्या धाकटीचा अक्षराभ्यास आहे, बासरच्या सरस्वतीपुढे. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. साधं तिकीट असतं, विशेष तिकीट असतं. ताई म्हणते, तीन वर्षांची पोर आहे, विशेष घेऊन टाक. तिचं बरोबर वाटतं, त्या पोरीला रांग सोडून जाता येणार नाही. पण साध्या रांगेत उभ्या असतील त्याही तीन-तीन वर्षांच्याच पोरी. त्यांची मिनिटं माझ्या भाचीला विकत घेऊन देऊ का?

पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. अजून ठरत नाही.