घडविणे हे जाणणे आहे काय?

डिजिटल कलांच्या पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थ्याकडे बहुधा दोन गोष्टी मागितल्या जातात : एक कृती आणि तिच्यासोबत एक लिखित प्रबंध. या मागणीत एक गृहीत दडलेले असते. कृती हाताची, ज्ञान शब्दांचे. स्टुडिओत जे घडते ते गद्यात उतरेपर्यंत संशोधन ठरत नाही, असे ते गृहीत. प्रश्न वरकरणी परीक्षापद्धतीचा वाटतो. परंतु आपल्याला काही कळले आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि असे म्हणणाऱ्याने उत्तर कोणाला द्यावयाचे, हा त्याचा गाभा नैतिक आहे.

ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या निबंधमालेत कलेविषयीचे, कलेद्वारा होणारे आणि कलेसाठी केलेले असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. ज्यात विचार कृतीतच मूर्त होतो तो तिसरा प्रकार त्यांना सर्वांत अवघड वाटला. ही अडचण भारतीय परंपरेला अनोळखी नाही. संगीतशास्त्राने लक्ष्य आणि लक्षण असा भेद केला आहे : लक्ष्य म्हणजे प्रचारातील कला, लक्षण म्हणजे शास्त्राने केलेले तिचे वर्णन. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१० च्या आपल्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच ‘लक्ष्य’ हा शब्द ठेवला. प्रत्यक्ष गायनाशी जुळत नसतील तर जुनी लक्षणेच तपासावी लागतील, अशी त्यांच्या कार्याची दिशा होती. तरीही या व्यवस्थेत लक्ष्य ही सामग्री राहते आणि ज्ञानाचा उच्चार लक्षणकाराकडे जातो. स्टुडिओतील संशोधनाचा दावा याहून मोठा आहे. लक्ष्य स्वतः प्रश्न उपस्थित करू शकते, असे ते म्हणू पाहते.

हा दावा तपासण्यासाठी मराठी वाचकाच्या रोजच्या नजरेखालचे एक अक्षर पुरेसे आहे : ‘ल’. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ रूढ आहे, हिंदीत दंडयुक्त. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना एकच संकेतांक आहे. रूप कोणते दिसावे हे अक्षरसंच घडविणाऱ्याच्या मेजावर ठरते. सुरुवातीच्या अनेक युनिकोड अक्षरसंचांत मराठी मजकूरही दंडयुक्त ‘ल’ घेऊनच उमटत असे. इंदापुराहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बावडा या गावातील एखादे मूल कल्पावे. वहीत ते पाकळीचा ‘ल’ गिरवते आणि पडद्यावर त्याला दुसराच ‘ल’ भेटतो. वाचन अडत नाही. पण वही चूक की पडदा चूक, हा संशय त्याच्या मनात राहतो. आणि पडद्याचा दरारा पाहता निकाल बहुधा वहीच्या विरुद्ध लागतो.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठीची रूपे निश्चित केली. परंतु निर्णयाने अक्षर रेखाटले जात नाही. एकाच संचात दोन्ही रूपे ठेवून मजकुराच्या भाषेप्रमाणे योग्य ते निवडण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. तरी लहान आकारात पाकळी बुजते काय, शेजारच्या वेलांटीशी ती झगडते काय, ‘ल्ल’ मध्ये दोन पाकळ्यांचे काय करावे, हे प्रश्न रेखाटून पाहिल्याविना सुचतही नाहीत. जेथे प्रश्नच कृतीतून जन्म घेतो तेथे कृतीला नुसती सामग्री म्हणता येत नाही.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे कार्य या संदर्भात आठवावे. ते सुलेखनकार आणि कवी होते, मुंबईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी अध्यापन केले, आणि विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच त्यांनी घडविला. देवनागरी मुद्राक्षरांवरील बापूराव नाईक यांचा बृहद् इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये निघाला होता. तो लक्षणग्रंथ, ‘मंगल’ हे लक्ष्य. ग्रंथाशी वाद घालता येतो. अक्षरसंचाशी वाद कसा घालावा? वाचक तो वाद डोळ्यांनी घालतो : अडखळतो, कंटाळतो, दुसरे रूप मागतो.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. घडविणे हेच जाणणे असेल, तर दुकानाची पाटी ब्रशने रंगविणारा पेंटरही संशोधक ठरावा. पाकळीला किती वजन पेलते हे त्याला पदव्युत्तर विद्यार्थ्याहून अधिक ठाऊक असू शकते, हे मान्य केले पाहिजे. भेद ज्ञानाच्या उंचीचा नाही. संशोधकाने एक बंधन पत्करलेले असते : आपण कोठे चुकलो हे इतरांना पाहू देण्याचे. पेंटरवर ते बंधन कोणी घातलेले नाही; पाटी वाचली गेली की त्याचे उत्तरदायित्व संपते.

डिजिटल माध्यमात हे बंधन सोपेही आहे आणि निसटतेही. प्रत्येक आवृत्ती जपून ठेवता येते. एका कळीने ती पुसूनही टाकता येते. पूर्ण झालेली कृती आपली टाकून दिलेली रूपे दाखवीत नाही. मग प्रबंध मागाहून रचला जातो, उसन्या सिद्धांतांची झालर लावली जाते, आणि जे अपघाताने सापडले ते योजनेने साधले असे भासविले जाते. ही शैलीतील उणीव नसून असत्य आहे. गद्याचे खरे काम कृतीचे भाषांतर करणे हे नव्हे. कृतीला कोठे आव्हान देता येईल ती जागा दाखविणे, एवढेच ते आहे. आणि त्यासाठी दहा पाने पुरत असतील तर दोनशे मागू नयेत.

आणखी एक ऋण उरते. फ्लेक्सच्या फलकांनी गावोगावचे ब्रश बाजूला सारले. आता त्याच पेंटरांच्या अक्षरांची छायाचित्रे घेऊन विद्यार्थी अक्षरसंच रचतात. जपणूक म्हणून ते स्वागतार्ह आहे. परंतु पदवी एकाची आणि हात दुसऱ्याचा असेल, तर पेंटरची संमती, त्याचा नामनिर्देश आणि मिळकतीतील त्याचा वाटा हे शिष्टाचाराचे विषय राहत नाहीत. संशोधनाच्या सत्यतेचेच ते भाग होतात. आपले ज्ञान कोठून आले हे लपविणाऱ्याने काय जाणले, हा प्रश्न परीक्षकाने विचारलाच पाहिजे.

तेव्हा कृतीला संशोधनाचा मान द्यावा, पण तो स्वस्तात देऊ नये. पाकळीचा ‘ल’ गिरवणाऱ्या बावड्यातील त्या मुलाला पडद्यावरचे अक्षर चुकले आहे असे म्हणता आले, आणि ते म्हणणे अक्षर घडविणाऱ्यापर्यंत पोहोचून त्याला पुन्हा मेजाशी बसावे लागले, तर स्टुडिओत काही जाणले गेले असे मानण्यास हरकत नसावी.