वहीतला पुरावा

ज्यू मुलांनी महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेले काही म्हटले की मराठी वाचकाला प्रथम अ‍ॅन फ्रँक आठवते. तिची रोजनिशी मराठीत आली आणि शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत अनेकांनी ती वाचली. वाचताना जीव कळवळतो, आणि तो कळवळायलाच हवा. अडचण त्यापुढची आहे. मुलांच्या लेखनापाशी आपण डोळे पुसतो आणि इतिहास समजून घ्यायला मात्र मोठ्यांच्या दप्तरांकडे वळतो. ही वाटणी मला मान्य नाही. छळ सोसलेल्या मुलाची वही हा पुरावा आहे, आणि काही बाबतींत तर मोठ्यांच्या पुराव्याहून भक्कम पुरावा आहे. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी अ‍ॅनइतकी प्रसिद्धी न लाभलेल्या एका मुलीचे लेखन घेऊ.

यानिना हेशेलेस १९३१ साली ल्वूव येथे जन्मली. तेव्हा पोलंडमध्ये असलेले हे शहर आज युक्रेनमधले ल्विव्ह आहे. वडील हेन्रिक तिथल्या ‘ख्विला’ या पोलिश भाषेतल्या ज्यू दैनिकाचे संपादक होते. जून १९४१च्या अखेरीस जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि पाठोपाठ उसळलेल्या ज्यूविरोधी हत्याकांडात ते मारले गेले. पुढची दोन वर्षे घेट्टोतली उपासमार आणि धरपकडीची. १९४३ मध्ये घेट्टो मोडून काढला जात असताना आईने विष घेतले आणि यानिना यानोव्स्काच्या छळछावणीत पोचली. तिथे ती कविता रचून बरोबरच्या बायकांना म्हणून दाखवत असे. त्याच छावणीत कैदी असलेले लेखक मिखाव बोर्विच यांच्या कानावर तिचे नाव गेले. आधी ते निसटले. मग ज्यूंना मदत करणाऱ्या ‘झेगोता’ या भूमिगत संघटनेच्या क्राकूवमधल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिलाही बाहेर काढले. काही आठवड्यांनी त्या कार्यकर्त्यांपैकी मारिया होखबेर्ग-मारियान्स्का यांनी तिला वही आणि पेन्सिल आणून दिली, आणि लपण्याच्या जागी बसून त्या बारा वर्षांच्या मुलीने लिहायला घेतले. १९४६ मध्ये तिचे लेखन क्राकूवमध्ये पुस्तकरूपाने निघाले.

यानिनाने वही लिहिली त्याच वर्षी, म्हणजे १९४३ मध्ये, त्याच प्रदेशाबद्दल आणखी एक दस्तऐवज तयार झाला होता. गॅलिशिया जिल्ह्याचा एसएस आणि पोलीस प्रमुख फ्रिट्झ काट्समान याने ३० जून १९४३ रोजी वरिष्ठांना अहवाल सादर केला. त्यात ४,३४,३२९ ज्यूंना हलवल्याचा आकडा आहे, जप्त केलेल्या ऐवजाची यादी आहे, छायाचित्रे आहेत. न्यूरेंबर्गच्या खटल्यात तो पुरावा म्हणून दाखल झाला, आणि त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. गुन्हा केवढा अवाढव्य होता आणि किती शिस्तीने केला गेला, हे तो गुन्हेगाराच्याच तोंडून सांगतो. पण त्या शिस्तीने एका घरात काय घडवले, हे त्याच्यात सापडत नाही. यानिनाच्या वहीत ते सापडते. तू इथून निघ, तू जग, असे आई परोपरीने विनवते आणि मुलगी हटून बसते, कारण आईशिवाय तिला जगायचेच नाही. मायलेकींचा हा वाद ती उदात्त करून सांगत नाही, स्वतःची बाजू सावरूनही घेत नाही. लेकराला जवळ धरण्याऐवजी दूर लोटणे हाच मायेचा एकमेव उरलेला मार्ग व्हावा, इथवर त्या व्यवस्थेने माणसांना आणले होते. ही गोष्ट सरकारी अहवालात येऊ शकत नव्हती, कारण अहवाल लिहिणाऱ्याच्या लेखी ती घडलेलीच नव्हती.

यावर पहिला आक्षेप विश्वासार्हतेचा. बारा वर्षांच्या मुलीच्या तारखा चुकतील, ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ होईल. होऊ शकते. म्हणूनच तारखा आणि आकडे इतर कागदांशी ताडून पाहावेत; पण ही कसोटी प्रौढांच्या आठवणींनाही लावावी लागते. शिवाय प्रौढांची बहुतेक आत्मकथने युद्ध संपल्यावर, शेवट ठाऊक असताना लिहिली गेली. यानिना लिहीत होती तेव्हा क्राकूव जर्मनांच्याच ताब्यात होते आणि उद्या आपण पकडले जाणार की नाही, हे तिला माहीत नव्हते. नोव्हेंबर १९४३ मध्ये यानोव्स्कातल्या उरलेल्या कैद्यांची सरसकट हत्या झाली. त्या छावणीतून ती नुकतीच सुटलेली होती. घटना आणि नोंद यांच्यातले इतके थोडे अंतर इतिहासकाराच्या वाट्याला क्वचित येते.

दुसरा आक्षेप असा की, हे लेखन तिला मोठ्यांनी करायला लावले, मग त्यात तिचे स्वतःचे किती? पण न्यायालयातला साक्षीदारही विचारल्यावरच बोलतो. इथे विचारणारे स्वतः जिवावर उदार झालेले होते आणि अशी वही धाडीत सापडती तर घरातल्या सगळ्यांचा जीव गेला असता. एवढी जोखीम त्यांनी पत्करली, कारण मूल जे पाहते ते नोंदवले नाही तर कायमचे पुसले जाईल, हे त्यांना कळले होते. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पोलंडमधल्या ज्यू इतिहास आयोगाने पुढे हीच दृष्टी पद्धत म्हणून स्वीकारली. मुलांच्या साक्षी वेगळ्याने गोळा झाल्या आणि मारियाबाई व नोए ग्र्यूस यांनी त्यातल्या निवडक साक्षींचे पुस्तक १९४७ मध्ये संपादित केले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. वाचलेल्या मुलांचेच ऐकत राहिलो तर सुटकेची कथा मोठी होते आणि मारली गेलेली सुमारे १५ लाख ज्यू मुले झाकोळतात. हा धोका खरा आहे, पण तो वाचणाऱ्याकडून येतो. यानिनाच्या पानांवर सुटका हा विजय म्हणून येत नाही. ती मागे राहिलेल्यांबद्दलच लिहीत राहते. शिवाय मेलेल्या मुलांच्या बाजूने बोलू शकणारे, त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच शेजारी उभे राहिलेले साक्षीदार दुसरे कोण आहेत?

ही मुलगी पुढे इस्राएलमध्ये रसायनशास्त्रज्ञ झाली. हिटलरला विरोध करणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांच्या ‘पांढरा गुलाब’ या गटावर तिने पुस्तक लिहिले. ज्या देशाने तिचे घर संपवले त्याच देशातली विरोध करणारी माणसे शोधून काढणारी ही बुद्धी, आणि वहीत वडीलधाऱ्यांचे धैर्य व दुबळेपण दोन्ही टिपणारी बुद्धी एकच आहे. तिला निष्पाप बळी एवढेच मानले की तिचे निरीक्षण आपण वाया घालवतो. म्हणून अशा वह्या अभ्यासक्रमात येतात तेव्हा त्या इतिहासाच्या तासाला वाचल्या जाव्यात, सरकारी अहवालाशेजारी ठेवून, प्रश्न विचारत, ताडून पाहत. संशय घेण्याइतके महत्त्व ज्या साक्षीला दिले जाते, तीच साक्ष खऱ्या अर्थाने ऐकली जाते, आणि मुलांचा तेवढा हक्क आहे.