अनोळखी गावातली माळ

माउली, कंपनीच्या कामासाठी आपली मुले लंडनला जातात. काम आटोपते, एक दिवस मोकळा उरतो. मग एकट्याने थेम्सकाठी हिंडावे, ब्रिटिश म्युझियम पाहावे. आंध्रातील अमरावती स्तूपाचे कोरीव दगड तिथे काचेआड आहेत. ज्या स्तूपाला भाविक प्रदक्षिणा घालीत, त्याचे फोटो काढून माणसे पुढे सरकतात.

प्रश्न असा की, जिथे कोणी ओळखत नाही तिथे आपण कोण असतो? वारीत दिंडी असते, विणेकरी असतो, चुकले तर कान धरणारे असतात. तिथे गळ्यातली माळ कोणाला कळत नाही. काढून ठेवली तरी विचारणारे कोणी नाही. तेवढ्याने नेम सुटला, तर तो देवासाठी नव्हता, गावासाठी होता.

मग एकट्याने हिंडणे वाईट का? मुळीच नाही. नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. परमुलखातही नाम सुटले नाही. त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत.

तेव्हा डोळे भरून पाहावे, आनंद घ्यावा. फक्त आपण पाहतो तसे आपल्यालाही कोणी पाहतो आहे, एवढे ध्यानी असावे. विटेवरच्या त्या सावळ्याला व्हिसा लागत नाही.

रामकृष्णहरी.