पुढ्यात वाढलेले

परमुलुखात गेलेल्या माणसाच्या श्रद्धेची परीक्षा पुष्कळदा तीर्थस्थानी होण्याऐवजी जेवणाच्या मेजाशी होते. आम्ही त्या परीक्षेत एकदा नापास झालो, म्हणूनच हे लिहीत आहोत.

2017 साली, फातिमा येथील दर्शनांच्या शताब्दीवर्षात, रत्नागिरीच्या काही भाविक कुटुंबांसमवेत आम्ही पोर्तुगालला गेलो होतो. तेथून जवळच्या नाझारे या समुद्रकाठच्या गावी पोहोचताच सर्वांना घरी आल्यासारखे वाटले. पुळणीवर लाकडी चौकटींवर जाळी ताणून चिरलेली मासळी उन्हात वाळत घातली होती आणि घोळदार परकर नेसलेल्या कोळणी ती विकत बसल्या होत्या. मिरकरवाड्याचाच तो वास! हा आपलेपणा दुपारच्या जेवणापर्यंत टिकला.

दूरदेशीचे यात्रेकरू म्हणून खाणावळीच्या मालकीणबाईंनी आपण होऊन एक बशी पुढे ठेवली. तीत पेर्सेबेश होते. काळपट कातडीचा, एखाद्या श्वापदाच्या नखासकट बोटासारखा दिसणारा हा जीव कोळंबी-खेकड्यांच्याच गोतातला आहे. अटलांटिकच्या लाटा जेथे आदळतात, तेथील खडकांना चिकटून तो वाढतो. आमच्यापैकी एकाने नाक मुरडले, दुसऱ्याने बशी दूर सारली, तिसऱ्याने मराठीत थट्टा केली. त्या हसण्यात आम्हीही सामील होतो. भाषा परकी असली तरी चेहरे सर्वांना वाचता येतात. बाई काही न बोलता बशी उचलू लागल्या.

त्या क्षणी आम्हांला भाट्याची खाडी आठवली. ओहोटीच्या वेळी आमच्या बायाबापड्या खडकांवर वाकून कालवे फोडतात, धारदार कवचांनी त्यांचे हात कापतात आणि मग कोठे वाटीभर ऐवज घरी येतो. तो पाहुण्यासाठी रांधावा आणि त्याने तोंड वाकडे करावे, हे दुःख आम्हा कोकणवासीयांना ठाऊक आहे. पेर्सेबेश काढणारेही दोन लाटांमधल्या अवधीत खडकावर उतरतात. त्या कामात कित्येकांनी प्राण गमावले आहेत. आम्ही दूर सारली ती नुसती बशी नव्हती.

मग किळस येणे हे पाप आहे काय? नाही. जिभेला आणि पोटाला लहानपणापासूनचे वळण असते आणि त्याबद्दल कोणालाही दोषी धरता येणार नाही. परंतु ती किळस चेहऱ्यावर आणून समोरच्याला हिणवणे, ही आपण केलेली कृती असते. तिचा जाब आपल्याला द्यावाच लागेल.

संत पेत्र धंद्याने कोळी होता. लेवीयच्या नियमाप्रमाणे पंख व खवले नसलेले जलचर अशुद्ध असत; म्हणजे आमची कालवे, कोळंबी, कुर्ल्या सारेच निषिद्ध! यापो येथे समुद्रकाठच्या घरात त्याला दृष्टान्त झाला. आकाशातून उतरलेल्या चादरीतील प्राणी मारून खाण्याची आज्ञा त्याने नाकारली. पुढे विदेशी कर्नेल्याच्या उंबरठ्याशी आल्यावर त्याला उलगडा झाला की, प्रश्न माणसांचा होता. कोणाही माणसाला त्याने अशुद्ध म्हणू नये, हे देवाला शिकवायचे होते. अन्नाची अढी आणि माणसाची अढी अशा शेजारी-शेजारी राहतात.

आणि आपले तरी सारे मूळचे आपलेच आहे काय? जिच्यावाचून आमचे कालवण ओळखू येणार नाही, ती मिरची आणि रत्नागिरीचा काजू ही दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. कोणीतरी धीर करून ती प्रथम चाखली असेल.

तथापि सर्वांनी सर्व काही खावेच, असा याचा अर्थ नव्हे. कोणाला आजार असतो, कोणाचे व्रत असते. त्याने हात जोडून, हसतमुखाने नकार द्यावा. असा नकारही यजमानाचा मान राखतो. आपल्या खाण्याने भावाला ठेच लागणार असेल तर मांस वर्ज्य करण्याची संत पौलाची तयारी होती. म्हणून शाकाहारी शेजारी आपल्या घरी आले असता त्यांना मासळीचा आग्रह करणे हाही तितकाच उणेपणा ठरतो. एके ठिकाणी खायला लावणारी आणि दुसरीकडे वर्ज्य करायला सांगणारी प्रीती एकच आहे. प्रभूने शिष्यांना गावोगाव पाठवताना, पुढ्यात वाढतील ते खा, असे सांगितले. यजमानाचे घर हीच त्यांची पहिली वेदी होती.

नाझारेच्या त्या बाईंना आम्ही खुणेने थांबवले आणि बशी पुन्हा मागून घेतली. कातडी पिळून आतले मांस कसे काढायचे, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. चव आमच्या तिसऱ्यांच्या जवळची, खाऱ्या पाण्याची होती. बाई हसल्या. त्या दिवशी जेवणानंतर आम्ही केलेली उपकारस्तुतीची प्रार्थना नेहमीचीच होती. मात्र तिच्यातला एकेक शब्द आम्ही थांबून उच्चारला.