तावून सुलाखून

एका आत्मकथनाचा अनुवाद करताना, छळाच्या वर्षांच्या शेवटी मी सहज लिहून गेले, ‘मी तावून सुलाखून निघाले.’ दुसऱ्या वाचनात थबकले. हा शब्दप्रयोग सोनाराकडचा. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, निवलं की पुन्हा सोनंच. जातं ते हीण. मेणही वितळून पुन्हा मेणच होतं. मातीचं तसं नाही. ५००-६०० अंशांच्या आसपास तिच्या घडणीतलंच पाणी निघून जातं; मग भाजलेलं मडकं कितीही भिजवा, त्याचा चिखल होत नाही. मडकं उपयोगी असतं, मान्य. पण माणूस सोन्याचा की मातीचा, हे मी कोण ठरवणार? आणि छळणाऱ्याला सोनाराची जागा का द्यावी? मूळ लेखिकेनं ‘मी जगले’ एवढंच म्हटलं होतं. तेवढंच ठेवलं.